मृत्यूची दप्तरी साक्ष

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडसर ठरवून इंग्रज सरकारने अहमदनगर येथे नजरकैदेत ठेवले होते. तेथेच १८८३ सालच्या २५ डिसेंबर रोजी, ग्रीन नामक गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत, ऐन विशीत त्यांचा अंत झाला, आणि प्लीहा फुटल्याने मृत्यू ओढवला असा निर्वाळा देण्यात आला. करवीरच्या प्रजेला तो पटला नाही. ज्या महाराजांच्या छळाविषयी लिहिल्याबद्दल टिळक व आगरकर यांनी आदल्याच वर्षी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले होते, त्यांच्या मरणाचे कारण सांगणारे सरकार आणि त्यांना कैदेत ठेवणारे सरकार एकच असल्यामुळे, त्या निर्वाळ्यात तथ्य किती याचा उलगडा लोकांच्या मनात कधीच झाला नाही. मरणाचा शोध हितसंबंध नसलेल्या माणसाने, पंचांसमक्ष आणि लेखी घ्यावा, या नियमाची निकड या एका प्रकरणावरूनही ध्यानी यावी.

मुंबई शहरात या कामासाठी १८७१ च्या कायद्याने कॉरोनर नावाचा स्वतंत्र अधिकारी असे; तो ज्यूरी बसवून संशयास्पद मृत्यूची चौकशी करी. १९९९ साली ते पद रद्द झाले. कोल्हापुरात मात्र कॉरोनर कधीच नव्हता. येथे ते काम पोलीस आणि दंडाधिकारी यांच्यात वाटलेले आहे.

उसाच्या फडात सर्पदंश झालेला मजूर असो वा विहिरीत सापडलेली सासुरवाशीण, गावचा पोलीस पाटील ठाण्यात वर्दी देतो, आकस्मिक मृत्यूची नोंद होते, आणि अंमलदार स्थळी येऊन किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतो. देह कोणत्या स्थितीत आढळला, अंगावर जखमा कोठे व कशा होत्या, गळ्याभोवती वळ होता की नव्हता आणि वरकरणी मृत्यूचे कारण काय दिसते, एवढेच त्यात लिहावयाचे असते. परंतु पुढे न्यायालयात, विमा कंपनीत अथवा भाऊबंदांच्या वादात हाच कागद बोलतो. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली वा तिला संशयास्पद मरण आले, तर चौकशी केवळ पोलिसांवर न सोपविता तहसीलदारासारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाते, आणि पोलीस कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावयाची असते. २०२४ च्या १ जुलैपासून या तरतुदी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व १९६ या कलमांत आहेत.

शवविच्छेदनाच्या वेळी, मग ते कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात होवो वा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, आप्तांचा जीव तुटतो. "गेलेल्या जिवाची आता आणखी चिरफाड कशाला?" हा आक्रोश कोणाही सहृदय माणसास अस्वस्थ करील. तरीही मला असे निश्चयाने वाटते की विषप्रयोग, गळफास, बुडणे यांतील भेद डोळ्यांनी कळत नसताना घाईने दिलेला अग्नी मृताची बाजू कायमची बुजवून टाकतो. "व्हिसेरा राखून ठेवला आहे" असे डॉक्टर म्हणतात, त्याचा अर्थ इतकाच की काही अवयवांचे अंश रासायनिक तपासणीस धाडले असून अंतिम मत अहवाल आल्यावर मिळेल. त्या विलंबात घरच्यांनी कोणावर वहीम घेऊ नये. अधिकाऱ्यांनीही त्यांना हे नीट बसवून सांगावे. दुःखाने बधिर झालेल्या माणसास एकदा सांगितलेले उमगत नाही, म्हणून पुन्हा सांगावे.

स्वाभाविक मृत्यूची नोंद त्यामानाने सुलभ आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार घरी मृत्यू झाल्यास कुटुंबप्रमुखाने, रुग्णालयात झाल्यास तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने २१ दिवसांच्या आत निबंधकास कळवावयाचे असते. शहरात हे काम महानगरपालिकेचे, खेड्यात ग्रामपंचायतीचे. पुढे ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क, वर्षाच्या आत वरिष्ठांची परवानगी आणि वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. पंचगंगेच्या स्मशानभूमीत लोकांनी दान दिलेल्या शेणींवर विनामूल्य अंत्यसंस्कार करणाऱ्या या शहराने शोकाकुल घराचा पहिला भार उचलला आहे; परंतु रक्षाविसर्जन आणि उत्तरकार्याच्या धावपळीत दाखला राहून जातो, आणि मग सातबारावरील वारसनोंद, निवृत्तिवेतन, बँकेतील ठेव सारे अडते. त्याचा जाच बहुधा विधवेलाच सोसावा लागतो.

दाखल्यावर मृत्यूचे कारण छापले जात नाही. कायद्यानेच तसे करण्यास मनाई आहे, म्हणून आत्महत्या वा दुर्धर रोग यांच्या लाजेने कोणी नोंद टाळण्याचे कारण उरत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनुसार रुग्णालयाने कारणाचे प्रमाणपत्र निबंधकास पाठवून त्याची प्रत निकटच्या आप्तास द्यावयाची आहे. ही प्रत हाती आली नसेल, तर मृतदेह घेऊन निघण्यापूर्वीच ती आवर्जून मागावी.