रशियन भाषेत ‘मीर’ म्हणजे जग, आणि शांतताही!
सोव्हिएत काळातली ‘मीर प्रकाशना’ची स्वस्त विज्ञानपुस्तकं ज्यांनी वाचली, त्यांना हा शब्द ओळखीचा असेल. आज तो ‘रुस्की मीर’, म्हणजे ‘रशियन जग’, या राजकीय कल्पनेत भेटतो. रशियन भाषा, ऑर्थोडॉक्स चर्च आणि सामायिक इतिहास जिथवर, तिथवर रशियाचा हक्क. देशांच्या सीमा मग गौण! २००७मध्ये पुतिन यांच्या आदेशाने याच नावाची संस्था निघाली. काम काय, तर परदेशांत रशियन शिकवणं वगैरे. ऐकायला निरुपद्रवीच. पण २०१४मध्ये युक्रेनकडून क्रिमिया घेताना रशियन भाषकांच्या रक्षणाचंच कारण पुढे केलं गेलं. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर २०२२मध्ये युरोपीय संघाने त्या संस्थेवर निर्बंध लादले. आणि हो, घरात रशियन बोलणारे कितीतरी युक्रेनियन आज रशियाविरुद्धच लढताहेत.