ओल जाते कोठे?

ग्रीसमधील कित्येक खेड्यांत जुनी दगडी घरे ओस पडली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील असंख्य कुटुंबे पोटासाठी जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा देशांत गेली. आता परदेशातील काही माणसे अशी घरे विकत घेऊन तेथे राहायला जातात.

समजा, असे एक घर तुम्हाला मिळाले. भिंती दोन फूट जाड, पण ओलसर. तुम्ही काय कराल? ‘सिमेंटचा गिलावा!’ असे म्हणाल, तर फसाल.

जमिनीतील पाणी केशाकर्षणाने भिंतीत वर चढते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने त्यातून ते वाफ होऊन निघून जाते. सिमेंट ही वाट अडवते. मग ओल आतच साठते, तुळयांची टोके कुजतात, क्षारांचे स्फटिक गिलाव्याचे पोपडे पाडतात. यालाच आपण ‘लोणा लागणे’ म्हणतो.

म्हणून जाणता गवंडी चुनाच वापरतो. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो व चुनकळी उरते. ती पाण्यात विरवून, वाळू मिसळून भिंतीला लावली की हवेतील तोच वायू शोषून तिची पुन्हा चुनखडी होते! या क्रियेला थोडी ओल लागते. म्हणून ग्रीसच्या कडक उन्हात नवा गिलावा काही दिवस ओला ठेवतात.

चुन्याच्या निवळीत नळीने हलकेच फुंकर घाला. (निवळी तोंडात ओढू नका.) ती दुधाळ होईल. भिंतीवर हेच घडते, पण महिनोन् महिने. आपले कित्येक जुने वाडेही चुन्यात बांधलेले आहेत. त्यांच्या दुरुस्तीच्या वेळी हे आठवा!