सकळ लिपीची किल्ली आणि यवतमाळचा शारदाश्रम

जुनी मराठी पोथी वाचायला घेतली की पहिली पंचाईत होते ती शब्द तोडण्याची. अक्षरे एकमेकांना खेटून बसलेली. शब्द कुठे संपला, हे अर्थावरून ताडायचे. महानुभाव पंथाची पोथी असेल, तर त्याही आधी घोडे अडते. चौदाव्या शतकात रवळोव्यासांनी रचलेल्या सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी भलतेच अक्षर किंवा खूण येते. किल्ली ठाऊक नसलेल्याला एक शब्दही लागत नाही.

म्हणूनच म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’सारखा तेराव्या शतकातला गद्यग्रंथ मठाबाहेरच्या वाचकाला शतकानुशतके बंद राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही किल्ली वि. का. राजवाड्यांसारख्या संशोधकांच्या हाती आली.

यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे (१८८४–१९७०) याच वाटेने गेले. त्यांनी यवतमाळात शारदाश्रम ही संशोधनसंस्था उभी केली, हस्तलिखिते जमवली आणि १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ लिहिला. एवढ्या मोठ्या साहित्याची नीट ओळख विद्यापीठाच्या नव्हे, तर जिल्ह्याच्या गावी बसलेल्या माणसाने करून दिली.

पोथीतला ग्रंथ एकदा छापून झाला, मग पोथ्या कशाला जपायच्या? ‘लीळाचरित्रा’चेच पाहा. परंपरा सांगते की मूळ प्रत धाडीत गेली आणि पंथातल्या मंडळींनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यामुळे एकाच लीळेचे, म्हणजे प्रसंगाचे, वेगवेगळे पाठ आले. त्यांतला एक हिराइसा या महानुभाव स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. नवा संपादक छापील पुस्तकावर भिस्त ठेवत नाही, पोथ्या शेजारी ठेवून शब्द ताडून पाहतो.

पोथीत बघण्यासारखे बरेच असते. काजळीच्या शाईत बोरूने लिहिलेला मजकूर, चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप. शेवटी पुष्पिका: नक्कल कोणी केली, कुठे, कोणत्या शकात. काळ ठरवताना अभ्यासक आधी हे पान उघडतो.

अशा पोथ्यांच्या जतनात सरकारही उतरले आहे. सरकारी व्याख्येनुसार किमान ७५ वर्षे जुना, हाताने लिहिलेला मोलाचा मजकूर हस्तलिखितात मोडतो. २००३ साली राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू झाले. २०२५च्या अर्थसंकल्पातल्या ‘ज्ञानभारतम्’ मोहिमेत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद व जतन करायचे ठरले. यवतमाळशेजारच्या अमरावती जिल्ह्यात, महानुभावांच्या रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे.

घरच्या माळ्यावर बासनात पोथी सापडलीच, तर तिला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशनही करू नये. ऊन आणि ओल टाळावी, सुती कापडात गुंडाळावी आणि सर्वात आधी पुष्पिकेचा फोटो काढून जाणकाराला दाखवावा.