आज्ञा आणि विनंती : इंग्रजी 'यू'ची अडचण

'पाणी दे', 'पाणी द्या', 'जरा पाणी देता का?' या तीन वाक्यांत मराठी माणसाला तीन निरनिराळी नाती ऐकू येतात. इंग्रजीत पहिल्या दोहोंचे एकच वाक्य होते : 'गिव्ह मी वॉटर.' आपण मनात 'द्या' म्हटले, ऐकणाराच्या कानी 'दे' पडले. मराठी माणूस इंग्रजीत उद्धट वाटतो अशी तक्रार ऐकू येते. तिचे मूळ आमच्या मते स्वभावात नसून या प्रत्ययात आहे.

आपला आदर क्रियापदाच्या शेपटात राहतो. इंग्रजीतही एके काळी 'दाऊ' हे एकवचनी आणि 'यू' हे अनेकवचनी व आदरार्थी सर्वनाम होते. सतराव्या शतकात 'दाऊ' प्रमाण भाषेतून मागे पडले आणि राजाला व हमालाला एकच 'यू' उरले. मग आदराला दुसरी जागा हवी. ती प्रश्नात सापडली.

'ओपन द विंडो' ही आज्ञा. 'प्लीज' लावल्याने ती मऊ होते, पण आज्ञाच राहते. 'विल यू ओपन द विंडो?' म्हटले की नकाराला वाट मोकळी राहते; 'वुड यू', 'कुड यू' म्हटले की ती अधिक रुंद होते. ही रूपे भूतकाळाची खरी, पण येथे काळाचा संबंध नाही. गोष्ट 'जमले तर'च्या प्रांतात ढकलली, की समोरच्यावरचा भार हलका होतो. 'खिडकी उघडलीत तर बरे होईल' यातले 'उघडलीत' तरी दुसरे काय आहे? पंचवटी एक्सप्रेसमध्ये 'जरा सरकता का?' म्हणणाऱ्या नाशिककराला हे व्याकरण कोणी शिकवावे लागत नाही.

'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' येथे मात्र पुष्कळांची फसगत होते. प्रश्न हरकतीचा आहे. म्हणून होकार द्यायचा तर उत्तर 'नो', 'नॉट ॲट ऑल' असे येते.

आता 'काइंडली'. आपल्या कचेऱ्यांनी 'कृपया'साठी हा शब्द पक्का केला. (घरात 'कृपया मीठ वाढ' कोणी म्हणते काय? तो पाटीवरचा शब्द.) आजच्या इंग्रजाला 'काइंडली'त पुष्कळदा वैतागाचा सूर लागतो. 'काइंडली सेंड द बिल इमीजिएटली' असे लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनी नम्रता असते, वाचणारा मात्र दुखावतो. 'कुड यू सेंड अस द बिल बाय मंडे?' एवढ्याने काम होते आणि संबंधही टिकतो.

विनंती सर्वत्र शोभत नाही. गोदेचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागले, की घाटावर 'वर या!' अशीच हाक हवी. इंग्रजही तेथे 'गेट बॅक!' म्हणेल. आणि जेथे लाभ ऐकणाराचा, तेथे आज्ञाच गोड लागते. 'बसा, जेवून जा' म्हणतो तसे इंग्रज 'सिट डाउन, हॅव सम टी' म्हणतो. पाहुण्याला 'कुड यू हॅव अनदर लाडू?' असे विचारले, तर तो लाडवाकडे संशयाने पाहील.