स्पॅनिश संख्याशब्द

स्पॅनिश संख्याशब्द : स्पॅनिश भाषेत गणनेसाठी वापरले जाणारे शब्द व ते जोडण्याचे नियम. स्पॅनिश ही स्पेन, लॅटिन अमेरिकेतील बहुसंख्य देश आणि आफ्रिकेतील विषुववृत्तीय गिनी अशा एकूण वीस सार्वभौम देशांची भाषा आहे. तिची गणनापद्धती दशमान असून ती लॅटिन भाषेतून आलेली आहे. शून्यापासून पंधरापर्यंतचे सोळा शब्द, वीस ते नव्वद या दशकांचे आठ, शंभर, हजार व दशलक्ष यांचे तीन आणि अनियमित शतकांचे तीन असे सुमारे तीस शब्द आत्मसात केले, की व्यवहारातील कोणतीही संख्या स्पॅनिशमध्ये सांगता येते. उरलेले सर्व काम जोडणीचे व लिंग-वचनाचे नियम करतात. शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे पाठ करावा लागणाऱ्या मराठी भाषकाच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे.

उगम व विकास : लॅटिन व संस्कृत या दोन्ही इंडो-यूरोपीय कुलातील भाषा असल्याने स्पॅनिश व मराठी संख्याशब्दांत दूरचे नाते आढळते. ‘दोस’ (२), ‘त्रेस’ (३), ‘सिएते’ (७), ‘ओचो’ (८), ‘नुएबे’ (९) व ‘दिएस’ (१०) हे शब्द संस्कृतातील द्वि, त्रि, सप्त, अष्ट, नव व दश यांचे सगोत्र होत. लॅटिनमध्ये अठरा व एकोणीस या संख्या ‘विसात दोन कमी’, ‘विसात एक कमी’ अशा वजाबाकीने सांगितल्या जात. मराठीतील एकोणीस, एकोणतीस यांतील ‘एकोण’ (एक + ऊन) याच प्रकारचे आहे. स्पॅनिशमध्ये मात्र ही वजाबाकीची पद्धत उरली नाही. तेथे एकोणीस म्हणजे सरळ ‘दहा आणि नऊ’ होय.

अकरा ते पंधरा यांचे लॅटिन सामासिक शब्द झिजून त्यांचे ‘ओन्से’, ‘दोसे’, ‘त्रेसे’, ‘कातोर्से’ व ‘किन्से’ असे अखंड शब्द बनले. सोळापासून मात्र जुनी रूपे मागे पडून ‘दहा आणि सहा’ अशी उघड रचना रूढ झाली. फ्रेंच व इटालियन या भगिनीभाषांत असा बदल सतरापासून सुरू होतो. [⟶ रोमान्स भाषासमूह].

शून्याच्या शब्दाचा प्रवास निराळा आहे. संस्कृत ‘शून्य’ या शब्दाचा अर्थानुवाद अरबीत ‘सिफ्र’ (रिकामे) असा झाला. त्यापासून मध्ययुगीन लॅटिन व इटालियनमार्गे स्पॅनिश ‘सेरो’ हा शब्द आला. ‘अंक’ या अर्थाचा ‘सिफ्रा’ हा शब्दही त्याच मुळापासून झालेला आहे. भारतीय अंकचिन्हे ख्रिस्ती यूरोपात प्रथम ज्या हस्तलिखितात आढळतात, तेही स्पेनमधीलच आहे. उत्तर स्पेनमधील अल्बेल्दा येथील सान मार्तिन मठात ९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या हस्तलिखितात एक ते नऊ ही चिन्हे दिली असून शून्याचे चिन्ह नाही. हे हस्तलिखित एल एस्कोरियाल येथे जतन केलेले आहे. त्यानंतरही कित्येक शतके स्पेनमध्ये हिशेबासाठी रोमन अंक वापरात होते.

मूलभूत शब्द : शून्य ते दहा यांसाठी अनुक्रमे सेरो, उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, सेइस, सिएते, ओचो, नुएबे, दिएस असे शब्द आहेत. अकरा ते पंधरा यांचे शब्द वर दिलेच आहेत. सोळा ते एकोणीस यांसाठी दिएसिसेइस, दिएसिसिएते, दिएसिओचो, दिएसिनुएबे अशी रूपे होतात. विसाला ‘बेइन्ते’ म्हणतात व एकवीस ते एकोणतीस या संख्या ‘बेइन्तिउनो’, ‘बेइन्तिदोस’ अशा एकाच शब्दात लिहितात. पुढील दशके त्रेइन्ता (३०), क्वारेन्ता (४०), सिंक्वेन्ता (५०), सेसेन्ता (६०), सेतेन्ता (७०), ओचेन्ता (८०) व नोबेन्ता (९०) अशी आहेत. तिसाच्या पुढे दशक, नंतर ‘इ’ (आणि) व शेवटी एकक असे सुटे शब्द येतात. उदा., त्रेइन्ता इ उनो (३१), सेसेन्ता इ त्रेस (६३), नोबेन्ता इ नुएबे (९९). हा नियम तीस ते नव्याण्णवपर्यंत कोठेही मोडत नाही.

सात व नऊ यांच्या दशकांत ‘सिएते’चे ‘सेते-’ आणि ‘नुएबे’चे ‘नोबे-’ का होते, असा प्रश्न नवशिक्यास पडतो. लॅटिनमधील ऱ्हस्व ए व ओ हे स्वर आघात असताना स्पॅनिशमध्ये अनुक्रमे ‘इए’ व ‘उए’ असे संयुक्त झाले आणि आघात नसताना साधेच राहिले. दशकाच्या शब्दात आघात पुढे सरकत असल्याने तेथे साधा स्वर दिसतो. म्हणजेच हा अपवाद नसून नियमित ध्वनिपरिवर्तनाचा परिणाम आहे.

शतके व पुढील संख्या : नेमक्या शंभरास ‘सिएन’ म्हणतात. त्यापुढे शंभरहून लहान संख्या जोडायची असल्यास ‘सिएन्तो’ हे पूर्ण रूप येते : सिएन्तो उनो (१०१), सिएन्तो बेइन्ते (१२०). परंतु हजार व दशलक्ष यांपूर्वी ‘सिएन’च राहते : सिएन मिल (एक लाख). दोनशे, तीनशे ही शतके एककाला ‘सिएन्तोस’ जोडून होतात : दोस्सिएन्तोस, त्रेस्सिएन्तोस इत्यादी. किनिएन्तोस (५००), सेतेसिएन्तोस (७००) व नोबेसिएन्तोस (९००) ही तीन रूपे तेवढी वेगळी लक्षात ठेवावी लागतात. शतक व त्यापुढील संख्या यांमध्ये ‘इ’ येत नाही, हे महत्त्वाचे आहे. तो केवळ दशक व एकक यांना जोडतो. पोर्तुगीजमध्ये मात्र शतकानंतरही ‘आणि’ येतो, तसेच ‘दोन’ या शब्दालाही लिंगभेद असतो. १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवटीखाली असलेल्या गोव्यात ज्यांनी ती भाषा शिकली, त्यांना स्पॅनिश संख्या ओळखीच्या वाटतात. परंतु याच दोन ठिकाणी त्यांची चूक होण्याचा संभव असतो.

हजारास ‘मिल’ म्हणतात. त्यापूर्वी ‘एक’ लावत नाहीत आणि गणनेत त्याचे अनेकवचन होत नाही : मिल (१,०००), दोस मिल (२,०००). वर्षाचा आकडाही असाच पूर्ण वाचतात. १४९२ हे वर्ष मराठीत ‘चौदाशे ब्याण्णव’ असे शतकांत सांगतात; स्पॅनिशमध्ये ते ‘मिल क्वात्रोसिएन्तोस नोबेन्ता इ दोस’ असे होते.

दशलक्षास ‘उन मियोन’ म्हणतात. हे नाम असल्याने त्याचे ‘मियोनेस’ असे अनेकवचन होते व लगेच पुढे मोजलेली वस्तू आल्यास मध्ये ‘दे’ हा शब्द लागतो. लाख व कोटी यांना स्पॅनिशमध्ये स्वतंत्र शब्द नाहीत. त्यामुळे १२,३४,५६७ ही संख्या मराठीत लाख, हजार, शतक अशी फोडली जाते, तर स्पॅनिशमध्ये तिची फोड तीन-तीन अंकांनी होते : उन मियोन दोस्सिएन्तोस त्रेइन्ता इ क्वात्रो मिल किनिएन्तोस सेसेन्ता इ सिएते.

याहून मोठ्या संख्यांबाबत एक धोका संभवतो. इंग्रजीतील ‘बिलियन’ म्हणजे आज सामान्यतः शंभर कोटी (एक अब्ज) होय. परंतु स्पॅनिश ‘बियोन’ म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष, अर्थात एक लाख कोटी. शंभर कोटींना स्पॅनिशमध्ये ‘मिल मियोनेस’ म्हणतात. दोन शब्दांच्या साम्यामुळे अर्थसंकल्प, कर्जे किंवा लोकसंख्या यांचे आकडे भाषांतरात हजारपटीने चुकू शकतात.

लिंग व वचन : स्पॅनिश संख्यांचे व्याकरण मुख्यतः ‘एक’ आणि ‘शतके’ या दोन ठिकाणी गुंतागुंतीचे होते. ‘उनो’ पुल्लिंगी नामापूर्वी ‘उन’ व स्त्रीलिंगी नामापूर्वी ‘उना’ असे होते : उन लिब्रो (एक पुस्तक), उना कासा (एक घर). एकवीस, एकतीस इत्यादींनाही हाच नियम लागतो : बेइन्तिउन लिब्रोस, त्रेइन्ता इ उना कासास. दोनशे ते नऊशे यांना स्त्रीलिंगी नामापूर्वी ‘-सिएन्तास’ असा शेवट येतो : दोस्सिएन्तोस लिब्रोस, परंतु दोस्सिएन्तास कासास. बाकीचे शब्द लिंगानुसार बदलत नाहीत.

क्रमवाचके व व्यवहारातील उपयोग : पहिला ते दहावा यांसाठी प्रिमेरो, सेगुन्दो, तेर्सेरो, क्वार्तो, किन्तो, सेक्स्तो, सेप्तिमो, ओक्ताबो, नोबेनो व देसिमो असे शब्द आहेत. एकवचनी पुल्लिंगी नामापूर्वी ‘प्रिमेरो’ व ‘तेर्सेरो’ यांतील अंत्य ‘ओ’ गळतो. दहाच्या पुढे बोलण्यात बहुधा साधी गणनावाचकेच वापरतात. म्हणून फेलिपे दुसरा याचा उल्लेख ‘फेलिपे सेगुन्दो’, परंतु आल्फोन्सो तेरावा याचा उल्लेख ‘आल्फोन्सो त्रेसे’ असा होतो. तारखाही गणनावाचकांनी सांगतात. महिन्याच्या पहिल्या दिवसाला मात्र लॅटिन अमेरिकेत ‘प्रिमेरो’ हे रूप विशेष प्रचलित आहे. वेळ सांगताना तासाचा शब्द स्त्रीलिंगी असल्याने ‘ला उना’ (एक वाजता), ‘लास दोस’ (दोन वाजता) अशी रचना होते.

आकड्यांच्या लेखनात देशपरत्वे फरक आढळतो. स्पेन व दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, तर मेक्सिको व मध्य अमेरिकेतील अनेक देशांत बिंदू वापरतात. हजारांचे गट दाखविण्यासाठी पूर्वीपासून बिंदूही वापरात असल्याने स्पेनमधील देयकावरील १.५०० हा आकडा दीड नसून दीड हजार असू शकतो. हा घोटाळा टाळण्यासाठी आता गटांमध्ये केवळ मोकळी जागा सोडावी, अशी शिफारस केली जाते.

उच्चार : स्पॅनिशमधील त व द हे मराठीप्रमाणे दंत्य असून क, त, प हे अल्पप्राण असल्याने मराठी भाषकास ते सुलभ जातात. ‘ओचो’मधील च हा ‘चार’ या शब्दातील तालव्य च होय, ‘चांगला’मधील नव्हे. लॅटिन अमेरिकेत व दक्षिण स्पेनच्या बऱ्याच भागांत ‘सिंको’, ‘दोसे’ यांत स ऐकू येतो. स्पेनच्या उत्तर व मध्य भागांत त्याच जागी जिभेचे टोक दातांमध्ये आणून केलेला घर्षक ध्वनी येतो. जवळच्या उच्चारांच्या जोड्या वेगळ्या ओळखणे आवश्यक असते : दोस–दोसे, त्रेस–त्रेसे, सेइस–सिएते आणि विशेषतः सेसेन्ता–सेतेन्ता. या शेवटच्या जोडीत एका व्यंजनाचाच भेद असून त्यामुळे किंमतीत दहाचा फरक पडतो.

अध्ययन : प्रथम शून्य ते पंधरा हे शब्द क्रमाने, उलट क्रमाने व विस्कळीत क्रमाने म्हणता येईपर्यंत घोटावेत, नंतर दशके व जोडणी आणि शेवटी शतके व लिंगभेद असा क्रम उपयुक्त ठरतो. केवळ क्रमाने म्हणता येणे म्हणजे संख्या येणे नव्हे. बाजारात किंमत किंवा दूरध्वनीवर क्रमांक ऐकताना संख्या क्रमाशिवाय येते. दूरध्वनी क्रमांक अनेकदा दोन-दोन अंकांच्या जोड्यांनी सांगतात. म्हणून ऐकलेली संख्या तत्काळ अंकांत लिहिण्याचा सराव आवश्यक असतो.

या सरावात स्पॅनिशचे एक वैशिष्ट्य साहाय्यभूत होते. मराठीत ‘त्रेसष्ट’ या शब्दात तीन आधी ऐकू येतात व साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी येतो. ‘सेसेन्ता इ त्रेस’ यात उच्चार व लेखन यांचा क्रम एकच असतो. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा संख्यावाचनाचा समावेश झाला, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. त्या वाचनाची रचना तत्त्वतः स्पॅनिशसारखीच आहे. अशी रचना बालकाच्या स्मरणावरील भार हलका करते, हे स्पॅनिशच्या उदाहरणावरून पटते. त्याबरोबरच ती तेथे शतकानुशतकांच्या बोलण्यातून रुळली आणि अकरा ते पंधरा हे झिजलेले जुने शब्द तिनेही टाकून दिले नाहीत, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

इतर भाषांवरील प्रभाव : सु. तीनशे वर्षांहून अधिक काळ स्पॅनिश अंमलाखाली असलेल्या फिलिपीन्समध्ये टागालोग भाषक आजही वेळ व किंमती सांगताना स्पॅनिश संख्याशब्द वापरतात. ग्वाम बेटावरील चामोरो भाषेत तर मूळ संख्याशब्द मागे पडून स्पॅनिश शब्दच रूढ झाले. व्यापार, कालमापन व प्रशासन यांच्याद्वारे परकी संख्याशब्द दुसऱ्या भाषेच्या दैनंदिन व्यवहारात किती खोलवर पोहोचू शकतात, याची ही ठळक उदाहरणे होत.