पाणबुड्याचे पहिले प्रमाणपत्र

महू हे गाव माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेले. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर. परंतु सुटीत मालवण-तारकर्लीस जाऊन समुद्राच्या पोटात डोकावण्याची हौस पठारावरच्या माणसासही असतेच. म्हणून हवेची टाकी पाठीशी बांधून पाण्यात उतरण्याच्या विद्येविषयी, म्हणजे स्कूबा डायव्हिंगविषयी, चार गोष्टी येथे सांगण्याचे योजिले आहे.

मालवणास येणारे बहुतेक प्रवासी प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटे पाण्याखाली जातात. त्यास प्रमाणपत्र लागत नाही. स्वतंत्र पाणबुड्या होण्याची वाट निराळी आहे. तारकर्लीस राज्याच्या पर्यटन महामंडळाची या विद्येची संस्था आहे. अशा ठिकाणी काही दिवस पाठ घ्यावे लागतात, प्रथम तलावात व मग समुद्रात सराव करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर मिळणाऱ्या पहिल्या प्रमाणपत्राने जोडीदारासह १८ मीटर खोलीपर्यंत जाण्याची मुभा मिळते. विजयदुर्गाच्या पश्चिमेस भर समुद्रात आंग्रिया बँक नावाचे प्रवाळक्षेत्र आहे; त्याचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. अर्थात नव्या पाणबुड्यास ते तूर्त दुरूनच वंद्य!

ही मर्यादा का, हे समजण्यास थोडे पदार्थविज्ञान हवे. समुद्रात दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर तो १ असतो, १० मीटरांवर २, २० मीटरांवर ३. दाब दुप्पट झाला की वायूचे आकारमान निम्मे होते, हा रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम आपण वर्गात शिकतोच. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो व एमील गान्यां यांनी सिद्ध केलेले यंत्र भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा पाणबुड्यास पुरविते. त्यामुळे खोलवरही श्वास सहज घेता येतो. पण १० मीटरांवर घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर फुप्फुसांतील हवा दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटण्याचा धोका उद्भवतो. म्हणून या विद्येचे पहिले सूत्र असे : श्वास कधीही रोखू नये.

दुसरे सूत्र हिशेबाचे. टाकीत निव्वळ प्राणवायू असतो अशी पुष्कळांची समजूत असते. सामान्यतः ती आपली नेहमीचीच हवा असते, फक्त दाबून भरलेली. १२ लिटरांच्या टाकीत २०० वातावरणांच्या दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते. मिनिटास २० लिटर हवा घेणाऱ्यास ती जमिनीवर १२० मिनिटे पुरेल, परंतु १० मीटरांवर ६० आणि २० मीटरांवर अवघी ४० मिनिटे. त्यातूनही चतुर्थांश हवा परतीसाठी व अडचणीसाठी राखावयाची असते. नवशिक्या धडधडत्या मनाने जलद श्वास घेतो आणि त्याची टाकी जोडीदाराच्या आधी रिती होते. यात लाजण्यासारखे काही नाही. लाजेस्तव काटा न दाखविणे मात्र घातक आहे.

तिसरे सूत्र परतीचे. दाबाखाली हवेतील नायट्रोजन शरीरात विरघळतो. गोटीसोड्याच्या बाटलीची गोटी एकदम दाबली की पाणी फसफसते. पाणबुड्या झरझर वर आला की त्याच्या रक्तात व सांध्यांत तसेच बुडबुडे उठू शकतात. याचा शास्त्रशुद्ध अभ्यास जे. एस. हॉल्डेन यांनी १९०८ साली प्रसिद्ध केला. आज नियम असा की मिनिटास ९ मीटरांहून अधिक वेगाने वर येऊ नये आणि ५ मीटरांवर तीन मिनिटे थांबावे.

हे सूत्र पाण्याबाहेरही संपत नाही, आणि येथेच आम्हां पठारवासीयांनी विशेष सावध राहावे. उंचावर हवेचा दाब कमी असतो. म्हणून अनेक दिवस डुबक्या घेतल्यावर निदान १८ तास विमानाने जाऊ नये, असा सल्ला देतात. मालवणहून परतताना वाटेत लागू शकणारा आंबोली घाट सुमारे ६९० मीटर उंच आहे. सकाळी डुबकी व दुपारी घाट, अशी घाई करू नये. एक रात्र समुद्रकाठीच काढावी. तसेच महूच्या उंचीवरील एखाद्या तळ्यात डुबकी घ्यावयाची, तर समुद्रासाठी केलेली कोष्टके जशीच्या तशी चालत नाहीत. त्यासाठी वेगळे शिक्षण लागते.

चौथे सूत्र स्थळाचे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधविलेल्या सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडक दडलेले आहेत. माहीतगार नाखवा नसेल तर तेथे नाव घालणे कठीण. पाणबुड्यासही हाच न्याय लागू. अनोळखी पाण्यात स्थानिक वाटाड्यावाचून उतरू नये. शिवाय मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तळास न टेकता तरंगत राहणे ही कला अंगी बाणेपर्यंत प्रवाळापासून दूरच असावे, कारण पायाच्या एका फटकाऱ्याने मोडलेले प्रवाळ भरून येण्यास वर्षे लागतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कान दुखत असतील, पाणी गढूळ असेल, किंवा नुसते मन धजत नसेल, तर नावेवरूनच ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येक पाणबुड्यास असतो, आणि त्याचे कारण सांगण्यासही तो बांधलेला नसतो. चार लोकांसमोर, पैसे भरून झाल्यावर, हे दोन शब्द उच्चारणे खोल जाण्याहून अवघड आहे. परंतु समुद्र उद्याही तेथेच असतो.

तात्पर्य, हे प्रमाणपत्र म्हणजे विद्येची समाप्ती नव्हे. केवळ उंबरठा ओलांडण्याची अनुज्ञा होय. शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र हाती घेऊन शाळेबाहेर पडणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांस याहून अधिक सांगणे न लगे.