गुन्हेगारी विश्वातील प्रणयकादंबरी आणि सत्ताधारी नायिका



मागील घटकात आपण प्रणयकादंबरीची सर्वसाधारण लक्षणे पाहिली. या उपघटकात तिच्याच एका उग्र शाखेचा विचार करावयाचा आहे. टोळीचा प्रमुख असलेला नायक, त्याच्या ताब्यात सापडलेली नायिका, वडिलांच्या कर्जापोटी लावून दिलेले लग्न, सूड आणि अखेरीस प्रेम, अशी या कथांची घडण असते. इंग्रजीत या प्रकारास 'डार्क माफिया रोमान्स' म्हणतात. तुमच्यापैकी काहींनी अशा कादंबऱ्या मोबाइलवर वाचल्या असतील आणि अभ्यासकेंद्रात तसे सांगण्यास संकोचलाही असाल. तो संकोच येथे बाजूस ठेवावा. आपल्याला या कादंबऱ्यांचा निकाल द्यावयाचा नाही, त्यांची रचना समजून घ्यावयाची आहे.

जेनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रीडिंग द रोमान्स' या ग्रंथात प्रणयकादंबऱ्या नियमितपणे वाचणाऱ्या स्त्रियांच्या प्रत्यक्ष मुलाखतींचा आधार घेतला. घरकाम आणि मुलेबाळे यांतून काढलेला वाचनाचा तास या स्त्रियांना सर्वस्वी स्वतःचा वाटत होता. खऱ्याखुऱ्या क्रूर नायकाची कथा त्यांना नकोशी वाटे. नायकाचा कठोरपणा हा वरवरचा आहे, त्याखाली दडलेला जिव्हाळा शेवटी प्रकट होणार आहे, अशी खात्री त्यांना हवी असे. माफिया-प्रणयकथा या खात्रीची कठोर परीक्षा घेते. येथे नायक खरोखरच खुनी असतो. तो बदलत नाही, केवळ एका स्त्रीपुरता अपवाद करतो. वाचकाला मिळणारे सुख त्या अपवादाचे असते.

मग अशा कथेतील नायिकेस 'शक्तिशाली' म्हणावे काय? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आपल्याकडे लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) या कादंबरीत संकटे नायिकेवर कोसळतात आणि तिचा मोठेपणा ती सोसण्यात दिसतो. माफिया-प्रणयकथेतील नायिका सोसत नाही, ती उलट उत्तर देते, प्रसंगी पिस्तूलही उचलते. तरीही तिच्या शब्दाला टोळीत मान मिळतो तो बहुधा ती प्रमुखाची पत्नी आहे म्हणून. म्हणजे तिची सत्ता उसनी असते. ज्याने ती दिली, तो ती परतही घेऊ शकतो.

हा भेद स्पष्ट होण्यासाठी या शाखेच्या सीमेवरील एक कादंबरी पाहू. स्पॅनिश लेखक आर्तुरो पेरेस-रेव्हेर्ते यांची 'ला रेइना देल सुर', म्हणजे 'दक्षिणेची राणी', २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे तिच्यावर आधारित दूरचित्रवाणी मालिकाही निघाल्या, पण आपण कादंबरीपुरतेच बोलू. तिची नायिका तेरेसा मेंदोसा ही मेक्सिकोतील सिनालोआ प्रांतातल्या कुलियाकान शहराची. मुलगी असताना ती रस्त्यावर डॉलर बदलून देण्याचे काम करते. पुढे ग्वेरो दाविला या वैमानिकावर तिचे प्रेम जडते. तो अमली पदार्थांची वाहतूक करणारा. एक विशिष्ट फोन वाजला तर मी मेलो असे समज आणि पळून जा, असे त्याने तिला बजावून ठेवलेले असते. फोन वाजतो आणि कादंबरी सुरू होते.

येथे साचा पहिल्याच पानावर मोडतो, हे ध्यानात घ्या. रक्षण करणारा पुरुष कथेच्या आरंभीच नाहीसा झाला आहे. तेरेसा स्पेनच्या ताब्यातील, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मेलिया शहरात पोहोचते. तेथे सांतियागो नावाचा दुसरा प्रियकर भेटतो. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून वेगवान नावेने चरस नेणे हा त्याचा धंदा. ती त्याच्यासोबत नावेवर जाते, समुद्र शिकते. पाठलागात तोही मरतो आणि तिला तुरुंगवास घडतो. तुरुंगात पात्रिसिया ही सुखवस्तू घरातील सोबतीण तिला 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' वाचावयास देते. तुरुंग, गुप्त ठेवा, नव्या नावारूपाने पुनरागमन हा त्या कादंबरीचा नकाशाच जणू पुढे तेरेसाच्या आयुष्याला लागू पडतो. (वाचनाने नायिका घडल्याचे असे उदाहरण गुन्हेगारी कादंबरीत क्वचितच सापडावे.)

सुटकेनंतर ती मालाच्या वाहतुकीचा मोठा व्यवसाय उभारते. तिची सत्ता कशातून येते? सौंदर्यातून नव्हे, लग्नातून तर नव्हेच. नावांचा वेग, गस्तीची रीत, पैशाचा हिशेब यांच्या ज्ञानातून ती येते. ज्ञान मात्र मुळात इतरांनी दिलेले आहे, हेही विसरू नये. पुरुष मरतात आणि त्यांची विद्या तिच्यापाशी उरते. एका तपशिलात लेखकाने हे फार नेमके पकडले आहे. तेरेसाजवळ ग्वेरोसोबतच्या छायाचित्राचा फाडलेला अर्धा भाग असतो. त्यात ती आहे, आणि तिच्या खांद्यावर केवळ त्याचा हात उरला आहे.

या सत्तेची किंमत कादंबरी लपवीत नाही. वकील आणि प्रियकर असलेल्या तेओने विश्वासघात केल्याचे कळते, तेव्हा त्याचे मूल पोटात असताना तेरेसा त्याचा जीव घ्यावयास लावते. साचेबद्ध प्रणयकथेत प्रेम हे हिंसेतून सुटलेले एकमेव स्थान असते. येथे ते स्थानही उरत नाही. म्हणूनच ही कादंबरी नेहमीच्या प्रणयकथेचे समाधान देत नाही. काही वाचकांना तेरेसा अखेरपर्यंत परकी वाटते, ती तक्रार मला निराधार वाटत नाही. तिच्याबद्दल आपल्याला जे कळते, ते बऱ्याच अंशी एका पत्रकार-निवेदकाने इतरांना भेटून जमविलेले आहे. तिच्याविषयी पुरुष जितके बोलतात, तितकी ती स्वतः बोलत नाही. मेक्सिकोत तस्करांवर रचल्या जाणाऱ्या 'कोरिदो' या पोवाड्यासारख्या गीतप्रकाराचा या कादंबरीवर ठसा आहे आणि पोवाड्याच्या नायकाप्रमाणे तेरेसाही इतरांच्या तोंडून मोठी होत जाते.

पुढील उपघटकाकडे वळण्यापूर्वी तुम्ही वाचलेली कोणतीही एक प्रणयकादंबरी आठवा. तिच्यातील नायक तिसऱ्या प्रकरणात मरण पावला, अशी कल्पना करा. नायिकेजवळ त्यानंतर काय उरते आणि कथा तिच्या बळावर किती पुढे जाऊ शकते, हे आपल्या वहीत सुमारे १५० शब्दांत लिहा.